फांजीची वेल: आधी फूल ओळखा, मग पान खुडा

पावसाळा लागला की मोबाइलवर रानभाज्यांचे फोटो सुरू होतात आणि नवखा माणूस पिशवी घेऊन माळावर निघतो. टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा इथवर निभून जातं. अडतं ते फांजीपाशी. जुलैतल्या माळावर बदामी आकाराच्या पानाच्या वेली पावलापावलाला असतात. त्यातली एक फांजी, बाकीच्या कडू, काही चिकाळ, आणि एखादी पोट बिघडवणारी. फोटोत सगळी पानं सारखीच दिसतात.

फांजी, फांद, फांदीची भाजी अशा नावांनी मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि सोलापूर-अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यात ही वेल ओळखतात. शास्त्रीय नाव रिव्हिया हायपोक्रेटेरिफॉर्मिस. कूळ गारवेलींचं, म्हणजे रताळं, नाळीची भाजी, गणेशवेल आणि बेशरम हे सगळे तिचे भाऊबंद. बऱ्याच गारवेली पावसाळ्यात उगवतात आणि दिवाळीनंतर वाळून जातात. फांजीचं तसं नाही. तिचं खोड लाकडी असतं. बोर, हिवर, बाभळीच्या आधाराने ती वर्षानुवर्षं उभी राहते, उन्हाळ्यात नुसत्या काटक्या दिसतात आणि पहिल्या दोन-चार पावसांत पुन्हा फुटते.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. भाजीजोगं कोवळं पान असतं तेव्हा वेलीवर फूल नसतं, आणि फूल येतं तोवर पान जून होतं. खात्री मात्र फुलानेच होते. म्हणून माझा सल्ला बऱ्याच जणांना उलटा वाटतो: फांजीची सुरुवात जुलैत करू नका, पाऊस ओसरताना करा. फुलावर वेल ओळखा, तिला खूण करा आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच वेलीचं पान खा. एक वर्ष थांबायचं नसेल तर दुसरा रस्ता एकच, ही भाजी घरात नेहमी करणाऱ्या गावातल्या बाईला सोबत घेऊन जा आणि तिने हात लावलेल्या वेलीचीच पानं घ्या.

1. सोबत काय घ्यायचं

- घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पँट
- बॅटरी. मोबाइलची नको, ती फोटोत आणि लोकेशनमध्येच संपते
- हातभर काठी
- दहापट मोठं दाखवणारं भिंग (शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं)
- छोटी पट्टी, वही, पेन्सिल
- खुणेसाठी सुती चिंधी किंवा नाड्या. प्लॅस्टिकची सुतळी नको, गुरं खातात
- जुनी वर्तमानपत्रं, एखादी फांदी दाबून वाळवायची असेल तर
- वनखात्याच्या हद्दीजवळ जाणार असाल तर आधार कार्ड

बूट आणि बॅटरी गमतीने लिहिलेली नाहीत. फांजीचं फूल बघायला अंधारताना जावं लागतं आणि फुरसं नेमकं त्याच वेळी बाहेर पडतं. दगडगोट्यांच्या माळावर ते सहजासहजी दिसत नाही. काटेरी जाळीत हात घालण्याआधी काठी फिरवा. एकट्याने जाऊ नका.

2. कुठे आणि कधी शोधायचं

भरपूर पाण्याच्या, काळ्या रानात वणवण करू नका. मुरमाड माळ, नाल्याचा कोरडा काठ, शेताचा जुना बांध, गावाबाहेरचं काटेरी कुंपण या तिच्या जागा. नवं तारेचं कुंपण घालताना जुन्या जाळ्या जेसीबीने उपटल्या जातात, त्यात फांजीही जाते. तेव्हा जुना, अडाणी दिसणारा बांध दिसला की तिथे आधी बघा.

पाऊस कमी होऊ लागला की फुलं दिसायला लागतात आणि थंडी पडेपर्यंत येत राहतात. दिवस मावळायच्या थोडं आधी पोचा. कळ्या दुपारभर छत्रीसारख्या मिटलेल्या असतात, संध्याकाळी उलगडतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की फूल लोंबतं. सकाळी दहाला जाऊन «इथे काही नाही» म्हणत परतणारे बरेच असतात. खाली पडलेली, मऊ झालेली पांढरी फुलं दिसली तर जागा बरोबर आहे, फक्त वेळ चुकली आहे.

3. फूल कसं बघायचं

फूल पांढरं, सुवासिक. इतर गारवेलींसारखा तळापासून रुंदावत गेलेला कर्णा नसतो. आधी लांब, सरळ, अरुंद नळी आणि तिच्या तोंडाशी एकदम पसरलेली गोल चकती. हा आकार एकदा पाहिला की विसरत नाही.

आता भिंग काढा. नळी उभी चिरा (एकच फूल, सगळी नव्हे). पाच पुंकेसर नळीच्या आतच राहतात, बाहेर डोकावत नाहीत. मधल्या बारीक दांडीच्या टोकाला, म्हणजे कुक्षीवर, दोन लांबट भाग दिसतील. खऱ्या गारवेलींत आणि समुद्रशोक या याच कुळातल्या वेलीत तिथे गोल गाठी असतात. वनस्पतिशास्त्राचे लोक फांजीला वेगळ्या प्रजातीत बसवतात त्यामागे हा फरकही आहे, आणि तो साध्या भिंगातून दिसतो.

फुलापाशी थोडा वेळ बॅटरी बंद करून उभे राहा. असल्या लांब नळीच्या पांढऱ्या फुलांवर मोठे करडे पतंग येतात. त्यांच्यापैकी एक, अॅग्रियस कॉन्व्हॉल्व्ह्युली, पोटावर गुलाबी पट्टे मिरवतो आणि त्याची सोंड त्याच्या शरीराहून लांब असते. अळीपणी तो याच कुळातल्या वेलींची पानं खाऊन वाढतो. दिसला तर बोनस. नाही दिसला तरी तुमचं काम झालेलं आहे.

4. खूण आणि नोंद

चिंधी वेलीच्या बुंध्याशी बांधा, शेंड्याला नको. शेंडा पुढच्या वर्षापर्यंत राहील याची खात्री नाही. मोबाइलवर त्या जागेचं लोकेशन जतन करा आणि वहीत ओळखीच्या भाषेत लिहा, कारण माळावर जीपीएस तुम्हाला झाडापर्यंत नेतो, वेलीपर्यंत नाही. «पाझर तलावाच्या सांडव्यावरून डावीकडे, जोड बाभळींतली उत्तरेकडची» असं लिहिलेलं दहा महिन्यांनी कामाला येतं.

फोटो किमान पाच हवेत: समोरून फूल, बाजूने फुलाची नळी, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, आणि पान खोडाला कसं लागलं आहे ते. लोक फक्त पहिला काढतात. ओळख पटवायला उरलेले चारच जास्त उपयोगी पडतात. हे फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकले तर जाणकार मत देतात. अॅपने स्वतःहून सुचवलेलं नाव म्हणजे ओळख नव्हे. माणसांनी दुजोरा देईपर्यंत थांबा. जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभागही मदत करतो. पुण्याच्या जवळ असाल तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र तिथे आहे. तिकडे जाताना फूल आणि पानासह वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली फांदी न्या, पिशवीत कोमेजलेला पाला नको.

5. हिवाळ्यात एक चक्कर

ही पायरी गाळली तरी भाजी खाता येते, वेल लावायची असेल तर गाळू नका. फुलानंतर गोलसर फळ धरतं, ते वाळून तपकिरी आणि तुकतुकीत होतं, आणि आपोआप उकलत नाही. काळादाणा किंवा इतर गारवेलींची बोंडं तडकून बिया सांडतात, फांजीचं फळ तसंच राहतं. थोडी फळं काढून कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर जागा आणि तारीख लिहा.

बिया फक्त पेरायला. चघळून बघायच्या नाहीत. या कुळातल्या बियांशी खेळ नको. काळादाणा जोरदार रेचक आहे आणि समुद्रशोकाच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी अल्कलॉइडं असतात.

6. जुलैत परत जा: पानाची परीक्षा

खुणेची वेल सापडली की आधी पान नीट बघा. पुढे कधी खूण नसलेली वेल समोर आली तर हेच डोळ्यांत बसलेलं लागेल.

पान जवळजवळ गोल, देठाकडे बदामासारखी खाच, रुंदी लांबीएवढी किंवा जास्तच. टोक अणकुचीदार नसून बोथट. वरून गुळगुळीत हिरवं. उलटं केलं की खाली चापून बसलेली रेशमी लव. कोवळ्या शेंड्याला तर चंदेरी झाक असते. वाऱ्यावर जाळी हलली की ही झाक लांबूनही चमकते. पानं खोडावर एकाआड एक येतात.

आता गोंधळ घालणाऱ्या मंडळींकडे वळू.

उतरण. सगळ्यात मोठा सापळा, कारण ती त्याच बांधावर असते आणि पानही बदामी. दोन पानं समोरासमोर येतात, पान तोडलं की पांढरा चीक निघतो, वासही उग्र. समोरासमोर पानं दिसली की वेल सोडून द्या. हरणदोडीही याच नियमाने बाजूला पडते. (तिच्या फुलांची भाजी करतात, तो विषय वेगळा.)

गुळवेल. पानं एकाआड एक, बदामी, म्हणून नवखा फसतो. पण खाली लव नसते, टोक निमुळतं असतं, खोडावर पापुद्रे सुटलेली साल आणि वरून लोंबणारी दोरीसारखी मुळं दिसतात. चुकून भाजीत गेली तर विषबाधा नाही, पण कडवटपणामुळे पातेलं ओतून द्यावं लागतं.

पहाडवेल. देठ पानाच्या कडेला न लागता थोडा आत, पानाच्या पोटात लागलेला असतो. पान उलटं केलं की लगेच कळतं.

समुद्रशोक. कुळातलाच, खालून पांढरा मखमली, म्हणून घात होऊ शकतो. पान फांजीच्या कितीतरी पट मोठं, लव दाट आणि पांढरीफेक, फूल गुलाबी-जांभळं. हा बंगल्यांच्या कुंपणावर शोभेसाठीही लावतात.

बेशरम. वेल नव्हे, उभी झुडपं, लांबट टोकदार पान, चीक, गुलाबी फुलं. हिचं वेगळं सांगायचं कारण म्हणजे ती विषारी आहे, शेळ्या ती सतत खात राहिल्या तर त्यांचा तोल जातो, त्या थरथरतात आणि दगावतात. «गारवेलीच्या कुळातलं, म्हणजे खाण्याजोगं» असा हिशेब कोणी मांडत असेल तर त्याला बेशरम दाखवा.

नाव विचारून शोधत बसू नका. एका तालुक्यात जिला फांद म्हणतात तिला पुढच्या तालुक्यात भलतंच म्हणतात, आणि «फांदीची भाजी» ऐकून कोणी कुठल्याही झाडाच्या फांदीकडे बोट दाखवतं. पान हातात घेऊन «ही खाता का, आणि कशी करता?» असं विचारा. करायची रीत सांगता आली तर ओळख खरी.

7. परवानगी

कोणाच्या बांधावरची वेल असेल तर मालकाला विचारा. नाही कोणी म्हणत नाही, पण न विचारता बांधावर उभा दिसलेला परका माणूस कोणालाच आवडत नाही. अभयारण्यात, मग ते नान्नज असो की रेहेकुरी, पानसुद्धा तोडायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याने (1972) त्याला बंदी आहे. इतर वनजमिनीवर आधी वनरक्षकाशी बोला. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करायचा हक्क वनात राहणाऱ्या समाजांना दिला आहे, सहलीला आलेल्या आपल्याला नाही.

8. खुडायचं कसं

शेंड्याकडची तीन-चार पानं घ्या. देठ टचकन तुटला तर पान कोवळं, साल ओढत आला तर जून. एका वेलीचे सगळे शेंडे मारू नका. तिला सप्टेंबरात फुलायचं आहे आणि दुसऱ्या कोणाला तरी भाजीही करायची आहे.

पानांना गोल गोल भोकं असतील तर घाबरू नका. उलटून बघा, कधी कधी कडा पारदर्शक असलेला, सोन्याच्या टिकलीएवढा चकाकणारा भुंगा चिकटून बसलेला असतो. कासवभुंग्यांना ही वेल आवडते. तो झटकून पान घ्या.

भोकांपेक्षा वाकडी पानं वाईट. शेंडे पिळवटलेले, पानं वाटीसारखी आत वळलेली, शिरा गोळा झालेल्या दिसल्या तर शेजारच्या शेतात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असण्याची दाट शक्यता. रुंद पानांच्या वेलींवर त्याचा असाच परिणाम दिसतो. त्या बांधावरचं त्या हंगामात काहीही घेऊ नका. फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला सरळ विचारा. हमरस्त्याच्या कडेच्या वेलीही सोडा, खालच्या लवेत धूळ आणि डिझेलची काजळी अशी बसते की धुऊन निघत नाही.

9. रांधायचं कसं

पानं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग खालची बाजू बोटाने चोळत वाहत्या पाण्याखाली धुवा. देठ आणि जाड शीर काढून टाका.

*डाळ घालून:* अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा. तेलात जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग कांदा. कांदा मऊ झाला की डाळ परता, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. डाळ अर्धी शिजली की बारीक चिरलेली पानं घाला. मीठ शेवटी, भाजी आळल्यावर. पातेलंभर पाल्याची वाटीभर भाजी होते, आधी अंदाजाने मीठ टाकलं की खारट झालीच. सोबत बाजरीची नाही तर ज्वारीची भाकरी. पोळीशी ही भाजी जमत नाही, निदान मला.

*पीठ पेरून:* पानं जरा निबर असतील तर आधी वाफवून पिळून घ्या, फोडणीत परता आणि वरून बेसन भुरभुरत हलवा. झुणक्याच्या जवळ जाणारा प्रकार होतो.

*भजी:* पहिल्यांदा खाणाऱ्यांना हीच द्या. मध्यम पानं आख्खी ठेवा, बेसनात ओवा, हळद, तिखट, मीठ घालून पीठ जरा घट्टच भिजवा. खालच्या लवेमुळे पीठ पानाला छान धरून राहतं.

पहिल्या दिवशी थोडीच खा, दोन तळलेली पानं किंवा दोन घास, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा. लहान मुलांना लगेच देऊ नका. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर ही भाजी टाळा: 2002मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वनस्पतीच्या अर्काचा उंदरांच्या ऋतुचक्रावर परिणाम दिसला होता. अर्क आणि ताटातली भाजी यांत पुष्कळ अंतर आहे हे खरं, तरी त्या नऊ महिन्यांत मेथी-पालक काही महाग नाही.

10. कुंपणाला लावायची असेल तर

बी कडक कवचाचं आहे, नुसतं मातीत टाकून उगवायची वाट बघत बसाल. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा, आतला फिकट थर दिसला की थांबा. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी जे फुगलं असेल ते पिशवीत लावा, न फुगलेलं पुन्हा थोडं घासा. जूनच्या सुरुवातीला मुरूम मिसळलेल्या, पाणी न साचणाऱ्या मातीत पेरा.

त्याहून सोपं दाब कलम. मालकाची परवानगी असेल तर पावसाळ्यात जमिनीलगतची फांदी वाकवून एका पेराशी साल हलकी खरवडा, ते पेर मातीत गाडून वर दगड ठेवा. मुळं धरली की मूळ वेलीपासून तोडून आणा. आख्खी वेल मुळासकट उपटून आणायच्या भानगडीत पडू नका, लाकडी मूळ खोल गेलेलं असतं आणि अर्धवट तुटलेली वेल इथेही जगत नाही, तिथेही नाही.

लावताना आधार काटेरी झुडपाचा किंवा जाड तारेचा द्या. आंबा, डाळिंब, सीताफळावर चढू देऊ नका, फांजीचं छत दाट होतं आणि खालचं झाड उन्हाला मुकतं. पहिल्या वर्षी पानं खुडू नका. फळं काढून झाली की उन्हाळ्याआधी लांबलेल्या फांद्या हातभर ठेवून छाटा, पाऊस पडला की त्याच डोळ्यांतून भाजीचे शेंडे फुटतात.

पुढे भाजी जास्त निघाली आणि विकावीशी वाटली तर ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या (9 ऑगस्ट) आसपास, कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जुलैतच चौकशी करा. ताजी जुडी तिथे विकता येते. वाळवून, पाकिटात भरून विकायची असेल तर आधी अन्नसुरक्षेची (एफएसएसएआय) नोंदणी करा, अर्ज ऑनलाइन भरता येतो, फोटो आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. महोत्सवाला जाताना जुडीसोबत फुलाचा मोठा छापील फोटो न्या. पान बघून गिऱ्हाईक «ही गुळवेल ना?» असं विचारणारच.